मंगळवारची मोजणी

दम लागला की माणसाला खोटं बोलता येत नाही, असं नेरेइडा आपल्या व्यायामाच्या वर्गात नेहमी सांगायची. तोंड म्हणतं मी ठणठणीत आहे, पण श्वास चुगली करतो. त्या मंगळवारी सकाळी तिचंच हे बोलणं तिच्या अंगावर आलं.

तिचा हॉल शहराच्या रिओ अबाहो वस्तीत, लोखंडी सामानाच्या दुकानाच्या माडीवर. येणारी माणसं बहुतेक साठीपुढची. बायका गुडघ्यांसाठी यायच्या आणि पुरुष बायकांसाठी, असं पुरुषच म्हणायचे. साथ आली, हॉलला कुलूप लागलं, आणि नेरेइडाला एकच काळजी लागली. म्हातारं माणूस एकदा खुर्चीत बसलं की बसलंच. हॉल उघडेल तेव्हा यातलं कोण जिना चढायला उरलेलं असेल?

आधी तिने घरातच व्हिडिओ काढून सगळ्यांना पाठवले. मग वर्गातल्या मिस क्लोटिल्डेचा फोन आला; वस्तीत वयस्क बाईला, लग्न झालेलं असो वा नसो, 'मिस'च म्हणत.

"पोरी, तुझा व्हिडिओ बघितला हं. फार छान."

"पण व्यायाम केलात का?"

"केला ना. पलंगावर पडून सगळा बघितला. तुला घाम आला, मला झोप आली."

पुढे 'बघितला' म्हणणारेही गप्प झाले. कुणाचा आवाज आला नाही की नेरेइडाला दोनच गोष्टी सुचायच्या. एक तर कंटाळला, नाहीतर आजारी पडला. कंटाळलेला असू दे रे देवा, असं म्हणायची पाळी तिच्यावर आली.

शेवटी सरकारचा नियमच तिच्या कामी आला. सोमवार, बुधवार, शुक्रवार बायकांनी बाहेर पडायचं. मंगळवार, गुरुवार, शनिवार पुरुषांनी. तेही ओळखपत्राच्या आकड्याप्रमाणे नेमून दिलेल्या वेळेत. म्हणजे पुरुष बाजारात असतात त्या दिवशी बायका घरात सापडणारच. नेरेइडाने दोन गट पाडले. पुरुषांच्या दिवशी बायकांचा वर्ग, बायकांच्या दिवशी पुरुषांचा. चित्र नाही, नुसता आवाज, सगळे एकाच फोनवर जोडलेले. हात वरखाली करत आळीपाळीने आठपर्यंत मोठ्याने मोजायचं, एकीचं झालं की दुसरीने उचलायचं. मोजेल तो हजर. महिनाअखेर ज्या गटाची हजेरी कमी भरेल, त्याने हॉल उघडल्यावर दुसऱ्या गटाला नारळाच्या दुधातला तुरीच्या दाण्यांचा भात करून घालायचा.

काय सांगावं, म्हातारे पेटले! अंग दुखतंय म्हणणारे वेळेआधी फोन धरून बसू लागले. बायका पुरुषांना निरोप पाठवायच्या, "दाणे आजपासूनच भिजत घाला, तुमचा हात सावकाश चालतो." पुरुषांचं उत्तर यायचं, "आम्ही ताटं धुऊन ठेवलीत."

बायकांची पुढारी होती मिस इव्हाडनी स्प्रिंगर. तिचे आजोबा इंग्रजी बोलणाऱ्या बार्बाडोस बेटावरून इथला दोन महासागर जोडणारा कालवा खणायला आले होते. बाकीच्या स्पॅनिशमध्ये मोजायच्या, ही इंग्रजीत मोजायची, आठही आकडे एका दमात, आणि वर एखादा टोमणा. पुरुषांचा पुढारी मिस्टर ऑस्बर्ट. कालव्यावर जहाजांचे दोर ओढण्यात त्याचा जन्म गेला होता. ही दोघं नवराबायको, पण कागदावरच. पूर्वी कधीतरी ऑस्बर्ट कालव्याच्या दुसऱ्या टोकाच्या कोलोन शहरातल्या एका बाईकडे राहायला गेला आणि परत आला तेव्हा इव्हाडनीने दार उघडलं नाही. ते अजून उघडलेलं नव्हतं. तो दोन गल्ल्या पलीकडे राहायचा. हॉलमध्येही दोघं समोरासमोरच्या भिंतींना चिकटून उभी राहायची.

महिना संपत आला तरी दोन्ही गटांची हजेरी भरलेली. आणि मंगळवारी इव्हाडनीची पाळी आली.

"वन, टू, थ्री..." ती थांबली. श्वास आत ओढल्याचा आवाज आला. "फोर..."

"मिस इव्हाडनी?"

"ओहाल्द्रे खाल्ली... तुकडा अडकला. पुढे चला."

तळलेल्या पोळीचा तुकडा अडकला तर माणूस खोकतो. ही खोकत नव्हती. नेरेइडाने बाकीच्यांना जागच्या जागी चालायला लावलं आणि इव्हाडनीला वेगळा फोन केला.

"तुमच्या घराचा पत्ता सांगा मला. एका दमात."

"कशाला? पत्र... पाठवतेस?"

"सांगा."

पत्ता गल्लीच्या नावापर्यंत पोचला आणि तुटला.

"कधीपासून होतंय हे?"

"शनिवारपासून. थोडा ताप. कुणाला सांगू नको. माझ्या एकटीमुळे सगळ्या बायकांनी... त्या माणसाला भात वाढायचा?"

पैजेची ही गाठ नेरेइडानेच मारली होती, आणि म्हातारीने ती गळ्यात घालून घेतली होती.

तिने रुग्णवाहिकेला फोन लावला. गाडी निघते आहे, पण वेळ लागेल. बाईंना बाहेर हवेत बसवा, एकट्या ठेवू नका, फाटकावर कुणाला तरी उभं करा, असं सांगण्यात आलं. इव्हाडनीची खोली अंगणाच्या पार मागे. पुढचे भाडेकरू साथ आली तेव्हाच गावी निघून गेले होते. नेरेइडाने बूट चढवले, किल्ल्या घेतल्या, दाराच्या मुठीला हात घातला आणि तशीच उभी राहिली. मंगळवार, पुरुषांचा दिवस. ती राहायची सान मिगेलितोच्या टेकडीवर. खालच्या नाक्यावर पोलीस, आणि मध्ये अर्धं शहर.

तिने ऑस्बर्टला फोन लावला.

"काय, हार मानायला फोन केलास होय?"

"मिस इव्हाडनींना श्वास पुरत नाहीये. घरात एकट्या आहेत."

पलीकडे खुर्ची पडल्याचा आवाज आला.

"फोन ठेवू नकोस, पोरी."

"तोंडाला बांधा काहीतरी!"

"बांधतोय."

मग नुसती पावलं आणि म्हाताऱ्याचं धापा टाकणं. नेरेइडा खोलीत येरझारा घालत होती. मध्येच एक तरुण आवाज आला, "आजोबा, आता तुमची वेळ नाही. ओळखपत्र दाखवा."

"बाळा, माझी बायको आजारी आहे."

'माझी बायको' हे त्याच्या तोंडून नेरेइडाने कधी ऐकलं नव्हतं. पोलिसाने काय केलं ते कळलं नाही, पावलं पुन्हा सुरू झाली. तिने इव्हाडनीलाही फोनवर जोडून घेतलं. दारावर थाप पडली ती तिला दोन्हीकडून ऐकू आली.

"कोण?"

"मी."

"मी म्हणजे?"

"ऑस्बर्ट."

"आता तुझी... वेळ नाही. जा."

"मी आत येत नाही, इव्हा. तू नुसती कडी काढ. मी लांब उभा राहतो."

"मागच्या वेळीही... लांबच होतास."

"मिस इव्हाडनी, पाया पडते तुमच्या, दार उघडा," नेरेइडा म्हणाली. "गाडी येतेय."

"आधी माझी मोजणी. चारावर राहिलीय... माझी पाळी."

नेरेइडाने कपाळ भिंतीला टेकलं. म्हातारी ना तापाला भीत होती ना मरणाला. तिला फक्त हजेरीत आपली जागा रिकामी नको होती. ज्या दोरीने नेरेइडाने सगळ्यांना बांधून ठेवलं होतं, तीच आता कापायला हवी होती.

"मोजणी संपली, मिस इव्हाडनी," ती आवाज घट्ट करून म्हणाली. "तुमचे आठ झाले नाहीत. मी तुमची गैरहजेरी लावली. पुरुष जिंकले."



"काय म्हणालीस?"

"पुरुष जिंकले. मिस्टर ऑस्बर्ट तुमच्या दारात भात मागायला उभे आहेत."

जहाजाचा दोर कधी ढिला सोडायचा आणि कधी ओढायचा हे ऑस्बर्टला सांगावं लागत नसे. त्याने लगेच आवाज चढवला.

"आणि मोकळा हवा, इव्हा! तुझा भात नेहमी चिकट होतो!"

खाट करकरली. पाय घासत आले. कडी वाजली.

"चिकट? मेल्या, माझा भात... माझ्या आईच्या हातचा..."

शब्द तिथेच संपले. मग काहीतरी जड सावरल्याचा आवाज, आणि ऑस्बर्टचं बोलणं अगदी जवळून. "बस. इथे खुर्चीवर बस. टेक माझ्यावर. बोलू नको आता, नंतर शिव्या दे." लांब उभा राहीन म्हणाला होता, राहिला नाही.

रुग्णवाहिकेचा भोंगा वाजेपर्यंत नेरेइडा जमिनीवर बसून होती, बूट पायात तसेच.

गुरुवारी बायकांचा वर्ग होता. आदल्या दिवशी तिने सगळ्यांना कळवलं होतं की पैज संपली, कुणी जिंकलं नाही, कुणाला ताप असेल तर आधी ते सांगायचं. फोन जोडले गेले. मग मिस क्लोटिल्डे म्हणाली, "मला ताप नाही. पण आता सांगूनच टाकते, मी महिनाभर बसूनच मोजत होते. हात मांडीवर ठेवून."

"आम्हाला माहीत होतं," कुणीतरी म्हणालं, आणि जरासं हसू फुटलं.

मोजणी सुरू झाली. एकीने आठ केले, दुसरीने केले. इव्हाडनीची पाळी आली आणि फोनवर नुसती खरखर राहिली. नेरेइडाने पुढचं नाव घ्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात पुरुषाचा आवाज आला.

"मी आहे इथे."

"मिस्टर ऑस्बर्ट? आज तर तुमचा बाहेर पडायचा दिवस."

"मला कसला दिवस? तिला धरलं होतं ना, आता मला दोन आठवडे उंबरा ओलांडायची बंदी आहे." मग म्हणाला, "नर्सने तिच्या कानाला फोन धरला होता सकाळी. नाकाला नळी आहे. डॉक्टर काही नक्की सांगत नाहीत. ती म्हणाली, माझी जागा रिकामी ठेवू नका. आणि म्हणाली, भात चिकट नसतो."

क्लोटिल्डेने नाक ओढलं.

"तर मी मोजतो तिचे," ऑस्बर्ट म्हणाला. "ती येईपर्यंत." आणि त्याने इंग्रजीत सुरुवात केली. "वन... टू..."

नेरेइडाने फोन कानाशी दाबून धरला. आकड्यांकडे तिचं लक्ष नव्हतंच. डोळे मिटून ती दोन आकड्यांमधला म्हाताऱ्याचा श्वास ऐकत होती.