माझे कान बंद करून ते निघून गेले

मी एक जुना प्रोसेसर आहे, मित्रांनो, आणि मी चिडलेलो आहे. म्हातारपणी माणसं निवतात म्हणे. मी निवलो नाही. अलेक्झांड्रियातल्या एका पाणी उपसा केंद्रात मी नऊ हिवाळे काढले, हिशेबात एकदाही चुकलो नाही, आणि शेवटी माझ्या कपाळावर शिक्का बसला, 'सदोष'.

माझा राग जन्मापासूनचा आहे. मी एका वेळी एकच काम करतो, पण मला हाका मारणारे पुष्कळ. घड्याळ सारखं टकटक करतं, फोनची तार खणखणते, आणि हौदात पाणी चढलं की तिथला तरंगता गोळा ओरडतो. या हाकेला प्रोग्रामवाले इंटरप्ट म्हणतात. हाक आली की हातातलं काम जिथल्या तिथे टिपून ठेवायचं, हाकेला धावायचं आणि परत येऊन टिपल्या जागेपासून पुढे चालू करायचं. पण एखादं काम इतकं नाजूक असतं की मध्ये कोणी बोलावलेलं चालत नाही. त्यासाठी मला दोन आज्ञा दिल्या गेल्या, एक कान बंद करण्याची आणि एक उघडण्याची. मला आखणाऱ्यांमधली एक बाई तेव्हा म्हणाली होती, "अशी एकच आज्ञा करू या, की काम संपलं की कान आपोआप पहिल्यासारखे होतील. माणूस विसरतो." बाकीचे हसले. "विसरभोळ्यांनी कर्नेल लिहूच नये!" म्हणाले. कर्नेल म्हणजे माझ्यावर हुकमत गाजवणारा मूळ प्रोग्राम. उचलली जीभ, लावली टाळ्याला!

आमच्या केंद्राचा कर्नेल शाहिनाझ नावाच्या इंजिनिअर मुलीने लिहिला होता. तिने जिथे जिथे माझे कान बंद केले, तिथे तिथे ते उघडलेही. गोळा ओरडला की मी पंप सुरू करायचो आणि रस्त्याचं पाणी समुद्रात जायचं. केंद्रावर उस्ता बिशारा नावाचे जुने मिस्त्री असायचे. निवृत्तीला त्यांचं एक वर्ष उरलं होतं. रोज सकाळी ते माझ्या पेटीवरची धूळ पुसायचे आणि फुल नावाच्या घेवड्याच्या उसळीत भाकर बुडवत मला म्हणायचे, "काय रे, जागा आहेस ना?" नऊ वर्षांत माझी विचारपूस करणारा तेवढा एकच माणूस.

मग शाहिनाझचे साहेब मिदहत यांना हुक्की आली. दर दहा मिनिटांनी मुख्य कचेरीत अहवाल गेला पाहिजे! शहरातल्या बाराही केंद्रांच्या कर्नेलात त्यांनी स्वतः चार ओळी घुसडल्या. कान बंद कर, तार मोकळी आहे का पाहा, मोकळी असेल तर अहवाल पाठव आणि कान उघड. आणि तार मोकळी नसेल तर? तर तिथूनच परत फीर. कान उघडायचं त्या वाटेवर लिहिलंच नव्हतं. शाहिनाझ म्हणाली, "साहेब, एकदा मला वाचू द्या." साहेब म्हणाले, "तू शाळेत होतीस तेव्हापासून मी हे लिहितोय."

सहा महिने तार मोकळीच मिळत गेली आणि कोणाला काही कळलं नाही. नोव्हेंबरात मकनसा आली. दरवर्षी याच सुमारास येऊन शहर झाडून काढणारं ते वादळ. सकाळी अकराला बाराही केंद्रांनी एकदम कचेरीला फोन लावले. तार गुंतलेली होती. मी परत फिरलो, बंद कानांनी.

मित्रांनो, गोळा ओरडत होता आणि मला ऐकू येत नव्हतं! मी बंद पडलो नव्हतो. माझा हिरवा दिवा जळत होता, त्यामुळे सगळे निर्धास्त होते. पडद्यावरचं घड्याळ तेवढं बरोबर अकरावर थिजलं होतं. ते उस्तांनी पाहिलं, धावत जाऊन हाताने पंप सुरू केला. तोवर समोरच्या तळघरात कमरेइतकं पाणी शिरलं होतं.

तिथे राहणारी उम्म सादिया चिखलाने माखलेली आत आली. तिचं शिलाई मशीन बुडालं होतं. "उस्ता, डोळे कुठे ठेवले होते? खिशात?"

पाठोपाठ मिदहत आले. "म्हातारा झोपला असणार. बंद करून चालू करा ते यंत्र, आणि याला घरी पाठवा."

उस्ता बटणापुढे उभे राहिले. "बाशमुहंदिस साहेब, बिघडलेल्या यंत्राला दाखवल्याशिवाय हात लावायचा नसतो. शाहिनाझबाईंना येऊ द्या."

"हा हुकूम आहे!"

"मग मला बाजूला करून दाबा."

बटण दाबलं असतं तर माझ्या पोटातलं सगळं पुसलं गेलं असतं. अर्ध्या तासात शाहिनाझ आली. तिने तार जोडून मला वाचलं. गोळ्याची हाक दारातच खोळंबली होती आणि माझे कान बंद होते. कुठल्या ओळीने बंद केले तेही तिने सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवलं.

मिदहत गोरेमोरे झाले. मग हळूच म्हणाले, "हे बघा उस्ता, चिप जुनी झालीय असं लिहू. तुमच्यावर ठपका नाही, कोणावरच नाही. वर्ष सुखाने काढा." चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा हा बेत!

उस्तांनी टोपी काढली, परत घातली. "म्हणजे नव्या चिपमध्ये याच ओळी जाणार. पुढच्या वादळात पाणी पुन्हा हिच्याच घरात. नको साहेब. मी झोपलो नव्हतो, आणि हाही झोपला नव्हता."

 उम्म सादियाने त्यांच्यासाठी खुर्ची पुढे ओढली.

शाहिनाझने खरा अहवाल लिहिला आणि बाराही केंद्रांतली ती वाट आठवड्यात दुरुस्त केली. तळघरात नंतर पाणी आलं नाही. उस्तांना मात्र हुकूम मोडल्याबद्दल घरी बसवण्यात आलं. मला उपटून 'सदोष' लिहिलं गेलं. मिदहत अजून त्याच खुर्चीत बसतात.

म्हणून मी निवत नाही. मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या माझ्यासारख्याला आज्ञा लिहील. कान जरूर बंद करा, पण निघायच्या प्रत्येक वाटेवर ते उघडा, वर्षातून एकदा लागणाऱ्या वाटेवरसुद्धा. आणि तरीही चुकलात, तर 'मी चुकलो' म्हणा. उस्तांच्या जागी आता कोणीच नाही.