उजव्या पायाचा फर्मा

मी जोडा नाही. जोडा ज्याच्यावर ताणून शिवतात, तो लाकडी पाय म्हणजे मी. कारागीर मला फर्मा म्हणतात. मला बोटं नाहीत, घोटा नाही आणि आजवर मी एक पाऊलही चाललेलो नाही. तरीही एका बाईचं चालणं माझ्या अंगावर नोंदलं गेलं, त्याची ही हकिगत.

मला घडवलं ते भांडणातून. माझा मालक जोडे शिवायचा. त्याचं दुकान लहान होतं, पण हात नावाजलेला. त्याची बायको शेजारी बसून वरच्या चामड्याची शिवण घालायची. एकदा ती म्हणाली, "गावभर पायांची मापं घेत फिरता. माझं माप कधी घेतलंय का? लग्न झाल्यापासून गिऱ्हाइकांनी नाकारलेले जोडे घालतेय मी."

"नाकारलेलंच टिकतं," तो म्हणाला. "मी नाही का टिकलो?"

ती हसली, पण सुई खाली ठेवली ती ठेवलीच. त्याच संध्याकाळी त्याने तिचे पाय कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली, आणि पुढच्या काही दिवसांत लाकूड तासून आम्हा दोघांना घडवलं. डावा आणि उजवा. आम्ही आरशातल्यासारखे सारखे होतो.

बरीच वर्षं आम्ही तसेच होतो. मग तिच्या उजव्या पायाला सूज येऊ लागली. नवा जोडा वरच्या बाजूने रुतायला लागला. मालकाने तिच्या पायावरून अंगठा फिरवला, मग माझ्यावरून फिरवला, आणि माझ्या पाठीवर चामड्याचं एक पातळ ठिगळ चिकटवलं. पाय सुजला तसा मीही सुजलो. पुढे दुसरं ठिगळ आलं. त्यावर तिसरं. चौथं बसलं तेव्हा तो कामाच्या वेळी गुणगुणायचा थांबला होता. डावा मात्र होता तसाच राहिला.

ती गेल्यावर मालकाने आम्हाला फळीवरून हलवलं नाही. नजर अधू झाली, दुकान बंद करायची वेळ आली, तेव्हा हत्यारं त्याने विकली आणि आम्हा दोघांना गावच्या संग्रहालयात नेऊन दिलं. "जोडी आहे," एवढंच तो तिथला कारभार पाहणाऱ्या बाईंना म्हणाला.

तिथे कॉलेजात इतिहास शिकणारी दोन मुलं इंटर्नशिपला आली होती. एक मुलगी आणि तिच्याच वर्गातला एक चष्मेवाला. कारागिरांच्या वस्तू साफ करायच्या, त्यांची माहिती मिळवायची, शेवटी अहवाल द्यायचा, असं त्यांचं काम होतं.

"तीन वर्षं सनावळ्या घोकल्या," चष्मेवाला म्हणाला, "आणि आता लाकडाचे पाय पुसतोय. आईला सांगितलं तर जेवायला वाढणार नाही."

"तू पूस. बडबड नंतर," मुलगी म्हणाली.

मुलगी कामाला वाघ होती. माहितीसाठी ती मालकाच्या घरीही जाऊन आली होती. पण फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं की मालक "हं" आणि "असेल" याच्या पुढे जात नव्हता. रिकाम्या हाताने परतल्यामुळे ती खट्टू होती. निदान वस्तू तरी लखलखीत मांडू, या जिद्दीने तिने आम्हाला शेजारी-शेजारी ठेवलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"जोडी आहे ना? मग हा असा कुबड आल्यासारखा का? नंतर कुणीतरी डागडुजी केलेली दिसतेय. मूळ रूप आत असणार."

तिने फोटो काढला नाही. बाईंना विचारलं नाही. कोमट पाण्यात भिजवलेला बोळा ठेवून ठिगळांखालचा सरस मऊ केला आणि बोथट सुरीने एकेक ठिगळ उचकटलं. दुखलं म्हणणार नाही, मी लाकूड आहे. पण मालकाच्या बायकोचा पाय माझ्यावरून निघून गेला. "टेबलावरचं काहीही टाकायचं नाही" हा बाईंचा नियम होता, म्हणून ठिगळं एका पिशवीत तरी पडली.

मांडणी बघायला बाईंनी मालकाला बोलावलं. त्याने मला उचललं. सवयीने अंगठा माझ्या पाठीवर टेकला आणि तिथेच थांबला. मग त्याने डाव्याला उचललं. पुन्हा मला.

"दोन्ही पाय सारखे केलेत," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "असे ते लग्नात होते."

मुलगी पुढे आली. तिने एक शब्दही न लपवता सगळं सांगितलं. आपण काय खरवडलं ते तिला अजून नीट कळलं नव्हतं. ते मालकाच्या तोंडून तिथेच कळलं. बाईंनी फक्त खुर्ची पुढे सरकवली.

"पिशवी आण," मालक म्हणाला.

ठिगळं वाळून वाकडी झाली होती. कुठलं आधीचं, कुठलं नंतरचं, कळायला मार्ग नव्हता. मालकालाही पटकन आठवेना. तो एकेक हातात घेई, खाली ठेवी, पुन्हा घेई. आणि आठवता आठवता बोलू लागला. हे तिच्या जुन्या चामडी पिशवीचं, ती जिना चढेनाशी झाली तेव्हाचं. हे जाड, चुकलंच होतं, तिला टोचायचं, पण महिनाभर बोलली नाही. हे त्यानंतरचं, मऊ बघून घेतलेलं. मुलगी शेजारी बसून सरस लावत होती. फोन खिशातच राहिला होता.

चौथ्याला तिने सरस लावायला घेतला तसा त्याने तिचा हात धरला.

"हे नको, पोरी. ह्या मापाचा जोडा शिवला होता. तो घालायला ती राहिलीच नाही."

त्याने ते ठिगळ शर्टाच्या खिशात टाकलं. संग्रहालयाला दिलेली वस्तू परत नेता येत नाही. बाईंनी खिशाकडे पाहिलं, मग मुलीकडे. "कार्डावर लिही. चौथं ठिगळ कारागिराकडे."

मुलीने ते लिहिलं आणि खाली आणखी एक ओळ घातली : 'साफ करताना ठिगळं माझ्याकडून चुकीने निघाली, कारागिराच्या आठवणीनुसार पुन्हा बसवली.'

"वेडी झालीस?" चष्मेवाला कुजबुजला. "अहवालात हेच जाणार. गुण कापतील."

"कापू देत. ही ठिगळं कधी निघालीच नव्हती असं मला लिहिता येणार नाही."

गुण कापले गेले, असं नंतर ऐकलं.

आता मी काचेआड आहे. तीन ठिगळांचा, किंचित तिरपा. मालक पुन्हा आला नाही. लोक येतात, कार्ड वाचतात, कुणी क्षणभर थांबतं.

तुमच्याही घरी कधीतरी आवराआवर निघेल. गेलेल्या माणसाचं कपाट उघडाल. काही जुनं, काही वेडंवाकडं हाती लागेल, आणि नीटनेटकं करायला हात शिवशिवतील. जरा थांबा. फडकं बाजूला ठेवा आणि घरातल्या कुणाला तरी जवळ बसवून विचारा, हे असं का आहे. सांगणारं माणूस आहे तोवर विचारा.