गैरसमज नव्हताच

ती गाडी चालवायला शिकवायची. धंदा म्हणजे एक खोली, एक गाडी आणि ती स्वतः. दिवसभर घाबरलेल्या लोकांच्या शेजारी बसून "आरशात बघा, क्लच हळू सोडा" म्हणता म्हणता तिचा आवाज कायमचा चढला होता. शनिवारी दुपारी मात्र ती वाचनालयात जायची. तिथे वरच्या मजल्यावर सात-आठ जण जमायचे, सगळ्यांनी वाचलेल्या एका पुस्तकावर बोलायचे आणि मनसोक्त वाद घालायचे.

या वेळी ग्रंथपालकाकांनी प्रेमकथा निवडली होती. तरुणपणी दुरावलेले दोघं बऱ्याच वर्षांनी भेटतात आणि पुन्हा एकत्र येतात, अशी.

"उणी बाजू तुम्ही मांडा," काका तिला म्हणाले होते. "जमेची बाजू नवे सभासद मांडतील. दातांच्या कवळ्या बनवतात. भला माणूस, पण बोलतो कमी."

तिला लगेच कोणीतरी आठवलं. पण कवळ्या बनवणारा जगात काय एकच आहे, असं म्हणून तिने मनाची समजूत घातली.

तो तोच निघाला. खिडकीजवळच्या खुर्चीत तिचा पूर्वीचा नवरा बसला होता. केस पांढरे झालेले, मांडीवर पुस्तक.

त्यांचं बिनसलं ते कुणा तिसऱ्यामुळे नव्हे. रागावला की तो गप्प व्हायचा. एखादा दिवस नाही, आठवडेच्या आठवडे. ती आधी भांडायची, मग विनवायची. शेवटी तिने भिंतीशी डोकं आपटणं सोडून दिलं. लेक शिकायला बाहेर पडली आणि हे दोघं वेगळे झाले. तो दुसऱ्या गावी निघून गेला. "लोकांच्या तोंडात दात बसवतो, पण स्वतःचं तोंड उघडत नाही," असं ती मैत्रिणींना सांगायची. मैत्रिणी हसायच्या. तिला हसू यायचं नाही.

आता पळ काढण्यात अर्थ नव्हता. ती उभी राहिली.

"पुस्तकात योगायोग फार आहेत," ती म्हणाली. "गाडी काय बंद पडते, तो नेमका तिथेच काय उभा असतो! आणि शेवटी त्याचं ते दोन पानी भाषण. इतकं सुरेख बोलता येत असतं, तर हा बाबा मुळात सोडून गेलाच नसता. तीही लगेच विरघळते. मधल्या वर्षांत पाण्याचा नळ कोणी दुरुस्त केला, मुलाच्या तापात रात्री कोण जागलं, याचा हिशोबच नाही. माफी मागितली की सगळं धुऊन निघतं, असं असतं का?"

"अगदी बरोबर!" मागून एक आजी म्हणाल्या.

मग तो उठला. पुस्तक त्याने दोन्ही हातांनी धरलं होतं.

"मला जमेची बाजू सांगायचीय. दवाखान्याचं प्रकरण चांगलं आहे. ती त्याच्याशी एक शब्द बोलत नाही, तरी तो बाकावर बसून राहतो. उठून जात नाही. ते खरं वाटतं." तो थांबला. आता हा बसणार, असं तिला वाटलं. पण तो पुढे बोलला. "एक उणीव मात्र मलाही सापडली. लेखिकेने सगळं गैरसमजावर ढकललंय. एका फोनने मिटला असता असा गैरसमज. आमचा... म्हणजे, पुष्कळांचा गैरसमज नसतोच. तिचा समज बरोबर असतो. तो माणूस खरंच तसा वागलेला असतो. मग परत यायचं तर त्याला बदलावं लागतं, नुसता खुलासा करून भागत नाही."

तिने खाली बघून पर्सची चेन उगाच उघडली आणि लावली.

बैठक संपल्यावर तो जिन्याशी थांबला होता.

"मी इथे येते हे तुला माहीत नव्हतं ना?" तिने विचारलं.

"माहीत होतं. गावात परत राहायला आलोय, लेकीला विचारून इथे आलो. योगायोग नाही."

"कार्टीने मला सांगितलं नाही!"

"मीच नको म्हटलं. तू आली नसतीस." मग जरा घुटमळून तो म्हणाला, "मला गाडी शिकवशील?"

लग्नानंतर तिने एकदा प्रयत्न केला होता, तेव्हा दुसऱ्या वळणावरच भांडण झालं होतं. तरी ती हो म्हणाली. का म्हणाली, ते तिचं तिलाही कळलं नाही.

सुरुवातीचे धडे बरे गेले. मग एका सकाळी गर्दीच्या चौकात त्याने गाडी तीनदा बंद पाडली. मागून हॉर्नचा गदारोळ सुरू झाला. "अरे, हातपाय आहेत की ओंडके?" ती ओरडली. त्याचा चेहरा दगडासारखा झाला. त्याने गाडी कशीबशी कडेला घेतली, उतरला आणि मागे न बघता चालू लागला.

'झालं. पहिले पाढे पंचावन्न,' ती मनाशी म्हणाली. घरी येऊन तिने लेकीला फोनवर फैलावर घेतलं आणि त्या रागातच स्वयंपाकघर घासून काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला.

"मी रागावलोय," तो म्हणाला. "राग अजून गेलेला नाही. पण फोन करतोय."

ती ओट्याला टेकून उभी राहिली. "बरं. मग बोल."

"सगळ्यांसमोर ओंडके म्हणालीस. लाज वाटली मला. आणि मग... थांब. मला नीट सांगता येत नाहीये."

"वाकडंतिकडं सांग. चालेल."

तो अडखळत बोलत राहिला. एकच गोष्ट दोनदा सांगितली, मध्येच गप्प झाला, पुन्हा सुरू झाला. बोलता बोलता कालच्या चौकातून तो कधी जुन्या घरात पोचला, त्यालाही कळलं नाही. खाली शिकायला आलेली बाई दोनदा बेल वाजवून गाडीपाशी जाऊन थांबली होती. फोन कानाशी धरूनच तिने खिडकीतून बाईंना हातानेच 'जरा थांबा' असं खुणावलं.

"मीसुद्धा ओरडायला नको होतं," तो थांबल्यावर ती म्हणाली. "दिवसभर ओरडून ओरडून सवयच लागलीय. तुला तरी वेगळ्या आवाजात शिकवायला हवं."

"म्हणजे शिकवशील?"

"उद्या सकाळी ये. चौकात लगेच नाही जायचं. आधी मैदानामागच्या मोकळ्या रस्त्यावर."

"येतो," तो म्हणाला. आणि फोन ठेवायची घाई न करता त्याने विचारलं, "तू चहा घेतलास का?"