सामाजीचा आवाज माझ्या पोटात

मी पडदा. नाटकाचा नव्हे, खिडकीचाही नव्हे. लॅपटॉपला बाहेरून जोडतात ना, तो काचेचा मोठा पडदा. मला बघता येतं, ऐकता येतं, पण बोलायला तोंड दिलेलं नाही. तरी आज सांगतो, कारण उद्या मी या घरातून निघणार.

जन्माचं म्हणाल तर स्वप्नासारखं धूसर आठवतं. पांढरे हातमोजे, पांढरा उजेड आणि मग खोक्यातला लांबलचक अंधार. डोळे उघडले ते रोह्याच्या एका कंपनीत. तिथं दिवसभर माझ्या अंगावर शिफ्टचे तक्ते. माणसं माझ्यात बघायची, माझ्याकडे कुणी बघायचं नाही. पुढं पातळ, चकचकीत पडदे आले आणि मी गेलो जिन्याखाली. धुळीची गोधडी पांघरून पडून राहिलो.

तिथून मला उचललं करिश्मानं. करिश्मा जिते गावाजवळच्या कातकरी वाडीतली, कंपनीच्या ऑफिसात कामाला. टाकून द्यायच्या सामानातून तिनं मला मागून घेतलं. तिच्याकडे एक म्हातारा लॅपटॉप होता. दुसरं काही घातलं की धापा टाकायचा, लिनक्स ही हलकी प्रणाली घातल्यावर मात्र सुखानं चालायला लागला. वाडीतल्या मुलांना शिकवायला तिला मोठा पडदा हवा होता. पण वाडीवर नेण्याआधी तिनं मला आणलं रेचलआजीकडे, कामावरून येता-जाता जिची ती विचारपूस करी.

रेचलआजी म्हणजे या गावात उरलेलं शेवटचं यहुदी माणूस. बाकीची घरं कुलपं लावून केव्हाच इस्रायलला गेली. तिचा धाकटा भाऊ सामाजीही तरुणपणीच गेला. आईला न्यायला येतो, असं सांगून गेला. आई वाट बघत राहिली, बघता बघता संपली. तो मातीलाही आला नाही. तेव्हापासून आजीनं त्याच्याशी बोलणं टाकलं, ते टाकलंच.

आता इतक्या वर्षांनी सामाजीच्या मुलानं, डॅनियलनं, करिश्माचा नंबर मिळवून निरोप धाडला, बाबांना आत्याशी बोलायचं आहे. आजी बराच वेळ तांदूळ पाखडत राहिली. मग म्हणाली, बोलीन, पण मला त्याचं तोंड धड दिसलं पाहिजे. मोबाइलवर माणूस सुपारीएवढा दिसतो, त्याच्याशी काय बोलायचं?

म्हणून मी. करिश्मानं मला टेबलावर बसवलं, तार जोडली. पहिल्यांदा माझ्यावर नुसतं निळं आभाळ आलं आणि सामाजी राहिला तिकडं लॅपटॉपात. ती सेटिंगमध्ये शिरली, दोन्हीकडे एकच चित्र दिसेल असं केलं, अक्षरं मोठी केली. आणि सामाजी माझ्यात आला. पिकलेल्या भुवया, थंडीचे दिवस म्हणून खांद्यावर पांढरी शाल. तिकडं नुकतं उजाडलेलं. करिश्मानं हात हलवला, म्हणाली, "घरातलं बोलणं हाय, मी बाहेर बसते," आणि ओट्यावर गेली.

आता नीट ऐका. माझ्या पाठीला एक बारीक भोक आहे, कानातली वायर खुपसायचं. त्यात कुणी कधी काही खुपसलं नाही. पण तार जोडली की लॅपटॉपला ते भोक कळतं आणि त्याला वाटतं, हा पडदा बोलणारा आहे. मग तो चित्राबरोबर सगळा आवाजही माझ्याकडे पाठवून देतो. भरतीचं पाणी खाडीत शिरावं तसा सामाजीचा आवाज माझ्या आत शिरला. सगळीकडं भरला, काचेला आतून लागला आणि तिथंच थांबला. बाहेर एक शब्द गेला नाही.

आजीला काय दिसलं? भाऊ शाल घेऊन बसलाय, सकाळची वेळ आहे, ओठ हलतायत, आवाज नाही. त्यांच्यात एक प्रार्थना असते, सकाळी पांढरी शाल पांघरून ओठांतल्या ओठांत म्हणायची. ती चालू असताना कुणी मध्ये बोलायचं नसतं. पोरवयात मशिदीतून (आपल्या प्रार्थनाघराला ते मशीदच म्हणतात) पळून जाणारा सामू देवाला लागला, हे बघून तिचा चेहरा मऊ झाला. ती खुर्चीवरून उठली, पदर डोक्यावर घेतला आणि मान खाली घालून उभी राहिली.

आणि माझ्या पोटात सामाजी मोठ्या बहिणीला लहानपणच्या हाकेनं म्हणत होता, "बाय, मी एकदा येऊ का गो? आईच्या मातीशी बसीन थोडा. तू ये म्हण, मग येतो."

आजी उभीच.

"तुझा श्वास ऐकू येतोय मला. आंगणातला कावळा पन ऐकू येतोय. तूच बोलत नायस."

मला फुटून जावंसं वाटलं. पण पडदा फुटला तरी आवाज निघत नाही, काचा निघतात.

थोड्या वेळानं त्यानं हात जोडले आणि चित्र गेलं. आजी ओट्यावर गेली, करिश्माला म्हणाली, भेट झाली, पण त्याची प्रार्थनाच लांबली, मी आपली मधी बोलली नाय. करिश्माला त्यांच्या रीती काय ठाऊक. तिला वाटलं, असेल तसं.

पुढच्या रविवारी तेच. सामाजीनं जुन्या गोष्टी काढल्या. खाडीत दोघं निवट्या मासळी धरायला जात, चिखलानं माखून आल्यावर आई दोघांना एकाच बादलीत उभं करी. आजी हसेल म्हणून तो थांबायचा. आजी मान खाली घालून उभी. मी मात्र तो आवाज मुरवत राहिलो. खरं सांगू? मला तो आवडायला लागला होता. इतकी वर्षं माझ्याशी कुणी बोललं नव्हतं. आठवडाभर बंद असतानाही मला वाटायचं, आत कुठंतरी पाणी हलतंय आणि कुणी तरी 'बाय, बाय' म्हणतंय.

त्याच्या पुढच्या रविवारी सामाजी बोलायच्या आधीच रडला. आजीच्या तोंडावर मला वाचता आलं, प्रार्थनेत रडू येतं माणसाला, येऊ दे. सामाजीनं डोळे पुसले. म्हणाला, डॅनियलनं तिकीट धरून ठेवलंय, आज उत्तर दिलं नाय तर तो सोडून देणार. आणि पुन्हा वर्षभरानं मी असेन की नसेन.

तेवढ्यात करिश्मा आत आली. लॅपटॉपची बॅटरी उतरली असेल म्हणून चार्जर खुपसायला. खुपसला की तो एरवी टुंग करतो. टुंग झालं नाही.

ती तिथंच थबकली. एकदा माझ्याकडे बघितलं, सामाजीच्या ओठांकडे बघितलं, मग आजीकडे.

"आजी, ह्यांचा आवाज तुला येतोय का?"

आजीनं डोळ्यांनीच दटावलं. गप, प्रार्थना चाललीय.

करिश्मा गप बसली नाही. आवाजाची सेटिंग उघडली. तिथं दोन नावं होती, एक लॅपटॉपचं स्वतःचं, एक माझं. खूण माझ्यापुढं. तिनं ती काढून लॅपटॉपपुढं केली.

ओहोटी लागावी तसं माझं पोट रिकामं झालं. सामाजी माझ्यातून निघाला आणि खोलीभर झाला.

"...बरं बाय. नाय येत मी. तुझा राग खरा हाय."

आजीचा हात टेबलाच्या कडेवर गेला. "सामू?" ती म्हणाली. मग आवाज चढला. "मेल्या, तू प्रार्थना करत नव्हतास?"

तिकडं तो गोंधळला. कसली प्रार्थना, म्हणाला, तीन आठवडे तुला विचारतोय, येऊ का म्हणून. करिश्मानं सगळं सांगितलं, माझ्याकडे बोट करून, जणू मीच चोर. तो हसायला लागला. मग भीत भीत म्हणाला, म्हणजे राग नाय ना बाय?

करिश्मा बाहेर जायला वळली तर आजीनं तिचा हात धरून ठेवला.

"राग हाय," आजी म्हणाली. "कशाला खोटं बोलू. आई दाराकडं बघत गेली. तो राग काय तारेतून निघायचा नाय. ये तू. हितं समोर बस. मला काय बोलायचं ते मी बोलीन, तू ऐक, मग जेव."

सामाजीनं तिकडं वळून डॅनियलला हाक मारली, तिकीट सोडू नको म्हणून. ती मीही ऐकली, पण इतरांसारखी, बाहेरून.

सामाजीला येऊन आठवडा झाला, पण आजी बोलायचं ते अजून बोलली नव्हती. माझी तार गुंडाळून ठेवलीय, उद्या मी करिश्माबरोबर वाडीवर जाणार. मुलं माझ्यावर चित्रं बघतील, बोटांचे डाग पाडतील, पाडोत. एवढंच सांगणं की मला उचलाल तेव्हा काचेवर हात न दाबता उचला, आणि आवाज कुठं पाठवलाय ते एकदा बघून घ्या. माझ्या पोटात पुन्हा कुणाचं उत्तर अडकू नये.

आज सकाळी दोघं भावंडं आईच्या मातीकडं गेली. आजी पुढं, तो मागं, काठी टेकत. वाटेनं ती बोलायला लागली होती, इथून नुसता हात हलताना दिसत होता. आंब्यापलीकडं वळली आणि दिसेनाशी झाली. तिथं काय बोलणं झालं मला ठाऊक नाही. ते माझं नव्हतंच. दोघं परतेपर्यंत ऊन खूप चढलं. आजीनं आल्या आल्या चूल पेटवली आणि दोन पानं वाढली.