अंगठ्याखालची ओळ

रेकॉर्डच्या खोलीत, खिडकीखाली, फायलींच्या दोन गठ्ठ्यांमध्ये एक काळी लाकडी पाटी तिरपी उभी आहे. तीच मी. मित्रांनो, लांबून पाहाल तर म्हणाल, कुठल्याशा कपाटाचे दार निखळून पडले असेल. ते अगदीच खोटे नाही. मी आधी कपाटाचे दारच होते. पण माझे उभे आयुष्य गेले ते न्यायालयात. मी शपथेची पाटी आहे. आता जुनी झाले, कडा बोथट झाल्या, मुठीवरचा रंग माणसांच्या तळव्यांनी कधीच पुसून नेला.

एका सुताराने त्या दाराची एक फळी कापली आणि आरशाला असते तशी खाली मूठ बसवली. मग मी रंगाऱ्याच्या घरी गेले. तिथे त्याची बहीण उंबऱ्यात बसून मला पॉलिश पेपरने घासत होती. हात चालला की तिचा गळाही चालायचा:

घासते मी फळी, तिची मऊ झाली कड,
बोलणाऱ्या बाईला बोल होऊ नये जड.

तिच्या हातची ती भुकटी उडाली आणि मला वाटले, आपण कुणाच्या तरी भल्यासाठी चाललो आहोत.

रंगाऱ्याने दोन्ही बाजूंना काळा रंग देऊन वर पांढरी अक्षरे काढली. खालच्या ओळी दोन्हीकडे सारख्याच होत्या: ‘जे पाहिले ते सांगेन. जे ऐकले ते सांगेन. त्यात पदरचे काही घालणार नाही.’ फरक होता तो फक्त पहिल्या ओळीत. पुढच्या बाजूला होते, ‘मी अमुक, व्यवसायाने अमुक.’ आणि मागच्या बाजूला, ‘मी अमुक, अमुक यांची पत्नी, अथवा कन्या, अथवा विधवा.’

बहिणीने मान तिरपी करून वाचले. “दादा, या बाजूला कामधंदा नाही का लिहायचा?”

“कागदावर जसं आहे तसं लिहितोय. कोर्टाचं काम आहे बाई, आपण कशाला अक्कल पाजळायची?”

तिने मला उचलून उन्हात वाळत ठेवले. मला तेव्हा काय कळत होते!

न्यायालयात मी शिपाईकाकांच्या ताब्यात आले. उंच, किडकिडीत माणूस, पण आवाज असा की नावाचा पुकारा केला की बाहेरच्या बाकावर डुलकी घेणारे दचकून उभे राहत. साक्षीदार पिंजऱ्यात चढला की काका मला त्याच्या हातात देत. पुरुष असेल तर पुढची बाजू वर. बाई असेल तर वहीचे पान उलटावे तशी मला मनगटानेच उलटवत. कुणी सांगावे लागत नसे. हाताला सवयच झाली होती.

किती माणसांनी मला धरले म्हणून सांगू! पाव भाजणारे, गाड्या हाकणारे, शिकवणारे, चोऱ्या करणारे. कुणाचा तळवा घामेजलेला, कुणाचा खरबरीत. खरे बोलायला निघालेला माणूस मूठ सैल धरतो आणि बनवाबनवी करायला आलेला घट्ट, एवढे मला लवकरच उमगले. नवे साहेब आले की म्हणत, “पाटी छान ठेवली आहे हो.” काका मिशीतल्या मिशीत हसत. मी फुलून जाई.

पण मित्रांनो, एक गोष्ट मला बरीच वर्षे कळली नाही. माझ्या मागच्या बाजूची पहिली ओळ पुनःपुन्हा पुसट व्हायची. बाकी अक्षरे ठणठणीत, आणि ‘पत्नी, कन्या, विधवा’ एवढाच भाग उडालेला. काका दर वर्षी बारीक ब्रश घेऊन तो पुन्हा रंगवत आणि स्वतःशीच पुटपुटत, “रंगच हलका देतात हल्ली.”

रंग हलका नव्हता. मला धरताना बायका मूठ धरत नसत, कड धरत. आणि त्यांचा अंगठा येऊन पडे तो नेमका त्या शब्दांवर. चाळीस वर्षे शाळा चालवलेल्या मोठ्या बाई आल्या होत्या. त्यांनी ‘अमुक यांची विधवा’ असे वाचले, शाळेचे नावही काढले नाही, आणि उतरून गेल्या. त्यांचा अंगठा मला अजून आठवतो. त्याला खडूचा वास होता. लिहून घेणाऱ्या कारकुनालाही नियम ठरवून दिलेला होता. पुरुष बोलला की तो लिहीत असे, ‘साक्षीदाराने सांगितले.’ बाई बोलली की, ‘बाईचे म्हणणे असे.’ म्हटले तर एवढेसे. पण सांगणे आणि म्हणणे यांत केवढे अंतर असते, ते माझ्यासारख्या पाटीला विचारा.

मग ती लिफ्टवाली आली.

एका चार मजली कापडाच्या कारखान्यातली लिफ्ट कोसळली होती. आतल्या दोघींचे पाय मोडले होते. मालकाने बोट दाखवले ते म्हाताऱ्या लिफ्टमनकडे. म्हणाला, यानेच जास्त माणसे कोंबली. लिफ्टमन आरोपीच्या जागी उभा होता, टोपी दोन्ही हातांनी पिळत. दोष शाबीत झाला असता तर उतारवयात त्याला तुरुंग होता. त्याच्या बाजूने बोलू शकेल असे एकच माणूस होते, ती लिफ्ट दुरुस्त करणारी बाई. वरचा पोलादी दोर तिने पाहिला होता.

काकांनी सवयीने मला उलटवून तिच्या हातात दिले. तिच्या नखांच्या कडांत ग्रीस होते. तिने मला मुठीला धरले. अंगठा कुठल्याच शब्दावर ठेवला नाही. पहिली ओळ शांतपणे वाचली, मनातल्या मनात, आणि मान वर केली.

“साहेब, हे मला वाचता यायचं नाही.”

“अक्षर लागत नाही का?” न्यायाधीशांनी विचारले. प्रौढ, थकल्या डोळ्यांचा माणूस, आवाज मात्र मऊ.

“अक्षर लागतंय. पण मी कुणाची पत्नी नाही. अकरा वर्षांपूर्वी ते काडीमोड घेऊन घर सोडून गेले, दुसरा संसार मांडला.”

“मग विधवा म्हणा की,” मालकाचे वकील बसल्या जागेवरून म्हणाले.

“असं कसं म्हणू? माणूस धडधाकट आहे. गेल्या महिन्यात त्यांच्याच बिल्डिंगची लिफ्ट दुरुस्त करून आले. तिसऱ्या मजल्यावर राहतात. बायको चांगली आहे, चहा दिला तिनं.”

मागच्या बाकांवर हशा पिकला. काकांनीही मिशी चावली. न्यायाधीशांनी हात वर केला, पण त्यांच्याही ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलले.

“मग अमुक यांची कन्या असं वाचा,” न्यायाधीश म्हणाले.

“बाप कोण ते मला ठाऊक नाही, साहेब. आईनं सांगितलं नाही, आणि तिला टोचेल म्हणून मी विचारलं नाही.”

आता कुणी हसले नाही.

वकील उठले. “नियम स्पष्ट आहे. शपथ नाही तर साक्ष नाही. बाईंना खाली उतरवावं.”

तिकडे लिफ्टमन कासावीस झाला. “पोरी,” तो म्हणाला, “घे ना वाचून. एका ओळीनं काय होतंय? माझ्याकडं बघ जरा.”

“काका, तुमच्याकडं बघूनच तर आलेय.” तिचा आवाज पहिल्यांदा हलला. “पण पुढच्या ओळीत म्हणायचंय, पदरचं काही घालणार नाही. आणि पहिल्याच ओळीत पदरचा नवरा घालू? मग माझ्या दोरावर तरी कोण विश्वास ठेवेल?”

“नियम मी केलेला नाही, बाई,” न्यायाधीश हळू म्हणाले.

“पाटीही मी रंगवलेली नाही. पण वाचायला मला सांगताय.”

मित्रांनो, त्या वेळी मला कुठे तोंड लपवू असे झाले. पण पाटीला कुठले आले तोंड लपवणे! तिचे तर सारे तोंडच असते.

न्यायाधीशांनी हात पुढे केला. “पाटी इकडे आणा.”

इतक्या वर्षांत मी त्या उंच टेबलावर कधी गेले नव्हते. त्यांनी चष्मा लावला, माझी मागची बाजू उजेडात धरली. “इथेच एवढा रंग का गेलाय?”

काका घसा खाकरत पुढे आले. “बायकांचा अंगठा तिथंच येतो, साहेब. दर वर्षी रंगवतो. दर वर्षी जातो.”

हे बोलून काका स्वतःच थबकले. जणू आपलेच वाक्य त्यांनी आता पहिल्यांदा ऐकले.

न्यायाधीश बराच वेळ त्या पुसट जागेकडे पाहत राहिले. मग त्यांनी मला पलटवले. “ही बाजू द्या त्यांना.”

“साहेब, ती पुरुषांची बाजू,” काका गडबडले.

“पुरुष असं कुठे लिहिलंय? वाचा बघू.”

काकांनी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत बोट फिरवले. मग पुन्हा फिरवले. “नाही लिहिलेलं,” ते म्हणाले. “कुठंच नाही.” तीस वर्षे त्यांनी मला हाताळले होते!

“माझी हरकत नोंदवा,” वकील म्हणाले. “वरच्या कोर्टात हे टिकायचं नाही.”

“नोंदवतो. वरचं कोर्ट पाहून घेईल.”

बाईने मला पुन्हा मुठीला धरले. आपले नाव सांगितले. मग म्हणाली, “व्यवसायाने लिफ्ट दुरुस्त करणारी. जे पाहिले ते सांगेन. जे ऐकले ते सांगेन. त्यात पदरचे काही घालणार नाही.” तिची पकड सैल होती. इतकी सैल की मी पडते की काय असे मला वाटले.

तिने सांगितले, दोराच्या तारा उसवल्या होत्या. मालकाला तिने दोनदा तोंडी सांगितले, एकदा चिठ्ठी दिली. मालक म्हणाले, हंगाम संपू दे, मग बघू.

वकिलांनी पवित्रा बदलला. “ते राहू द्या. लिफ्ट पडली तेव्हा तुम्ही खालीच उभ्या होता. या लिफ्टमनने माणसं जास्त घेतली होती की नाही? शपथेवर सांगा.”

लिफ्टमनने डोळे मिटले. बाईने त्याच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

“घेतली होती. एक जास्त.”

लिफ्टमनचे खांदे खचले.

“एक जास्त होतं, ते खरं,” ती म्हणाली. “पण दोर धड असता तर चार जास्त झाले असते तरी लिफ्ट नुसती जागेवर अडली असती. कोसळली नसती. माझं काम आहे ते, मला माहीत आहे.”

न्यायाधीशांनी कारकुनाकडे पाहिले. कारकुनाने सवयीने ‘बाईचे म्हणणे’ इतके लिहिले होते. त्याने ते खोडले. वर लिहिले, ‘साक्षीदाराने सांगितले.’

निकालात न्यायाधीश म्हणाले, जी बाई स्वतःसाठी एक ओळ खोटी वाचत नाही आणि आपल्या माणसासाठी लिफ्टमधला एक जास्तीचा माणूस लपवत नाही, तिच्या दोराबद्दलच्या बोलण्यावर मी विश्वास ठेवतो. लिफ्टमनला ताकीद मिळाली, तुरुंग टळला. खटला मालकावर उभा राहिला. बाहेर पायऱ्यांवर म्हातारा तिला म्हणाला, “एक जास्त म्हणालीस तेव्हा वाटलं, मेलो.” ती म्हणाली, “मलाही तसंच वाटलं, काका.” आणि दोघे तिथेच बसून राहिले.

त्या आठवड्यात शिपाईकाकांनी माझी मागची बाजू स्वतः घासून काढली. कुणी सांगितले नव्हते. नियम मागाहून बदलला, चांगली दोन वर्षे लागली. तोवर काका मला उलटवायचे विसरत राहिले, आणि कुणी विचारले की म्हणत, “मनगट दुखतंय हो.”

पुढे काका निवृत्त झाले. छापील, चकचकीत कार्डे आली. मी इथे आले. पाच वर्षांत कुणी माझ्यावरची धूळ झटकली नाही.

परवा न्यायालयाची लिफ्ट बंद पडली. अवजारांची पेटी घेऊन कुणीतरी वाट चुकून या खोलीत डोकावले. केस पिकलेले, नखांत तेच ग्रीस. तिने मला ओळखले. फडक्याने पुसले, उलटवले, मागच्या कोऱ्या लाकडावरून अंगठा फिरवला. मग खिशातला खडू काढून लिहिले: ‘लिफ्ट बंद आहे. दोर तपासत आहे.’ आणि दिवसभरासाठी मला लिफ्टच्या दारावर टांगले.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे मी म्हणेन असे तुम्हाला वाटले असेल. जपलेत तर बरेच वाटेल. पण त्याहून एक मागणे आहे. कुणाला खरे बोलायला सांगाल, तेव्हा आधी पाहा, आपण त्याच्या हातात काय वाचायला दिले आहे. आणि त्याचा अंगठा कुठे पडतो आहे.

त्या दिवशी येणारे-जाणारे थांबून मला वाचत आणि मुकाट जिन्याकडे वळत. जन्मभरात पहिल्यांदा माझी मागची बाजू काही सांगत होती, आणि ते खरे होते.