तिसरी छाटणी

रोपवाटिकेत तिला सगळे अक्का म्हणत. सख्खा धाकटा भाऊही आणि खताची गाडी घेऊन येणारा ड्रायव्हरही. ती नऊ वर्षांची असताना वडिलांनी तिच्या हातात कलमाचा चाकू दिला आणि तेव्हापासून पन्नास वर्षं वाफ्यांमधून फिरत ती कलमं बांधत आली. वडिलांच्या वेळी इथे चार वाफे आणि एक गळका नळ होता. हिच्या बोटांना झाडाची भाषा कळते, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. भावाच्या पोटात ते अजून दुखे.

दोन वर्षांपूर्वी कुंड्यांनी भरलेली ट्रॉली उलटली आणि तिचा डावा पाय गुडघ्याखालून कापावा लागला. अक्काने त्याचं रडगाणं गायलं नाही. खोटा पाय आल्यावर महिन्याभरात ती फाटकापर्यंत चालू लागली. पण मग उरलेल्या पायाच्या टोकाशी काहीतरी वाढायला लागलं. खोटा पाय चढवून भार टाकला, की विजेचा झटका बसावा तशी कळ थेट डोक्यात जाई. आधी सगळे म्हणाले, मनाचे खेळ आहेत. मनाला खेळायचंच असतं तर त्याने याहून बरा खेळ शोधला असता, असं तिने सुनावलं. शेवटी मोठ्या डॉक्टरांच्या हाताला गाठ लागली. तुटलेल्या नसेचं टोक वाढून तिचा गोळा झाला होता. त्यांनी तो कापला. सहा महिन्यांत परत आला. त्यांनी थोडं वरून कापलं. तो पुन्हा आला.

भावाने फाटकापाशी खुर्ची मांडली. अक्काने बसून गिऱ्हाईक बघावं, कलमांचं काम त्याचा मेव्हणा करील, असं त्याने ठरवूनही टाकलं.

"तुझा मेव्हणा कलम बांधतो की पार्सल?" अक्का म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी कुबड्या घेऊन दवाखान्यात गेली.

मोठ्या डॉक्टरांनी संमतीचा कागद पुढे सरकवला. तिसऱ्यांदा कापू, या वेळी आणखी वरून. अक्काने पिशवीतून एक फांदी काढून त्या कागदावर ठेवली. फांदी दोनदा छाटलेली होती आणि दोन्ही ठिकाणी फुटव्यांचा झुपका दाटला होता.

"छाटलं, की तिथेच असा गुंता होतो," ती म्हणाली. "जीव आहे त्याच्यात, तो वाढणारच. त्याला जायला जागा द्या."

कागदावरची माती झटकत डॉक्टर हसले. माणूस म्हणजे झाड नव्हे, म्हणाले.

"मग झाडासारखी छाटणी कशाला करताय?"

कपाटापाशी उभी असलेली त्यांची मदतनीस डॉक्टरीण खाकरली. तिने जपून सांगितलं, की दुसरी एक शस्त्रक्रिया आहे. गोळा काढल्यावर नसेचं टोक मोकळं न सोडता, जवळच्या स्नायूत जाणाऱ्या एखाद्या बारीक नसेला टाके घालून जोडायचं. मग नस त्या स्नायूत वाढते, तिला काम मिळतं आणि गोळा होण्याची शक्यता कमी होते. ती हे शिकून आली होती, पण इथे अजून कुणी करू दिलं नव्हतं. मोठे डॉक्टर म्हणाले, वेळखाऊ प्रकार आहे.

"हमी मात्र देता येत नाही," डॉक्टरीण अक्काला म्हणाली. "तुमची शंभरातली किती कलमं लागतात?"

"ऐंशी-नव्वद. पण बांधल्याशिवाय एकही लागत नाही."

अक्काने मोठ्या डॉक्टरांचा कागद सहीविना परत सरकवला आणि डॉक्टरणीकडे दुसरा मागितला.

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले आठवडे वाईट गेले. भावाने खुर्चीवर गादी घातली, ती अक्काने मांजराला दिली. चौथ्या महिन्यात डॉक्टरणीने उरलेल्या पायावर तळवा टेकवला आणि नसलेला अंगठा हलवायला सांगितलं. अक्काने हलवला. कातडीखालचा स्नायू टुणकन उडाला. डॉक्टरणीने गाठीच्या जुन्या जागी बोट दाबलं. कळ आली नाही.

"लागलं," अक्का म्हणाली. कलमाला पहिला कोंब दिसला, की ती असंच म्हणे.

आणखी दोन महिन्यांनी खोटा पाय चढवून ती फाटकातून आत आली. थंडीत जरा ठणकत होतं, पण भार पेलत होता. खुर्चीवरून भाऊ उठून उभा राहिला. ती त्याच्या समोरून तशीच पुढे वाफ्यांपर्यंत गेली आणि मेव्हण्यापुढे हात पसरला. त्याने तिच्या वडिलांचा चाकू दिला. तिने पात्यावर अंगठा फिरवला आणि चाकू त्याला परत केला.

"आधी धार लावून आण. मी इथेच उभी आहे."