दार लावलेला वर्ग

शेंद्र्याच्या शाळेत बद्रीनाथ सर मुख्याध्यापक म्हणून आले आणि पहिल्याच महिन्यात त्यांनी ऑफिसच्या भिंतीवर तक्ता डकवला. माणूस भला, पण तक्त्यांचा भारी नाद. या तक्त्यावर मात्र तीनच ओळी होत्या. आठवड्यातून एक तास दुसऱ्याच्या वर्गात बसायचं. जाताना चुका टिपायला वही न्यायची नाही. आणि शनिवारच्या बैठकीत दुसऱ्याबद्दल बोलण्याआधी स्वतःची एक अडचण सांगायची.

तक्ता वाचून चौथीच्या करुणा मॅडमनी धसका घेतला. हा वर्ग दुसरीपासून त्यांच्याकडे होता आणि दुसरीपासूनच त्यांना ऐकू कमी यायला लागलं होतं. आधी एका कानानं, मग दोन्ही. त्यांनी कुणाला सुगावा लागू दिला नव्हता. स्टाफरूममध्ये बसणं सोडलं, डबा वर्गातच, तोही दार लावून. बाकीचे म्हणायचे, मॅडमला शिष्टपणा आलाय. म्हणेनात का! कळलं तर वर्ग काढून घेतील, ऑफिसात कागद खरडायला बसवतील, या एका धास्तीनं त्या अर्ध्या झाल्या होत्या.

बुधवारी झेबा त्यांच्या वर्गात येऊन बसली. जूनमध्येच रुजू झालेली, दुसरीला शिकवणारी पोरसवदा शिक्षिका. मॅडमनी अपूर्णांक घेतले. तास संपला. झेबा मागच्या बाकावर शेजारी बसलेल्या राजनंदिनीशी काहीतरी कुजबुजली आणि हसून निघून गेली. काय बोलल्या, ते मॅडमना अर्थातच ऐकू आलं नाही.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर सगळे ऑफिसात जमले. चहा आला. आता ही पोरगी बोलणार आणि आपलं संपणार, असं धरूनच करुणा मॅडम बसल्या होत्या.

"आधी माझी अडचण," झेबा म्हणाली. "माझ्या वर्गात नुसता कल्ला असतो. ओरडून ओरडून दुसऱ्या तासाला माझा आवाज बसतो. मॅडमच्या वर्गात एका वेळी एकच पोरगं उभं राहतं, तोंड समोर करून सावकाश बोलतं. बाकीची गप ऐकतात. मला हे शिकायचंय."

बद्रीनाथ सर खूश झाले. "वा, मॅडम! सांगा की, कशी सवय लावली?"

सुटका झाली होती. दोन गोड वाक्यं बोलायची आणि चहा प्यायचा, एवढंच उरलं होतं. पण झेबाचा बसलेला घसा, तिचा तो साधा चेहरा पाहून मॅडमना खोटं बोलवेना.

"मी नाही लावली सवय," त्या म्हणाल्या. "मला ऐकू येत नाही. अडीच वर्षं झाली. ओठ बघून समजून घेते. सर, माझा वर्ग काढू नका. चौथी होईपर्यंत तरी राहू द्या."

बद्रीनाथ सर खुर्ची सरकवून त्यांच्यासमोर आले. "वर्ग तुमचाच आहे, मॅडम. सोमवारी अर्धी रजा टाका, कान तपासून घ्या. तेवढा वेळ मी बसतो चौथीवर."

झेबाचे डोळे भरले होते. "मॅडम, मला माहीत होतं," ती सावकाश म्हणाली. "पोरं अशी का बोलतात, मी राजनंदिनीला विचारलं. ती म्हणाली, 'मॅडमला कमी ऐकू येतंय. दुसरीतच आमी ठरवलं, एकेकानंच बोलायचं. पर तुमी सांगू नका, त्यांला वाटतंय आमाला ठावं नाय.'"

करुणा मॅडमनी पदर तोंडाला लावला. बत्तीस पोरं. सात-सात वर्षांची होती तेव्हा.

"घरी पण नाही सांगितलं एकानं?"

"कुणीच नाही, असं म्हणाली ती."

बराच वेळ त्यांना हुंदका आवरेना. मग डोळे पुसून त्या म्हणाल्या, "सोमवारी मीच सांगते त्यांना. लई दमली असतील."